कांदिवलीची माती, नहूरचे शेत: मुंबई उपनगरांतील पुरातत्त्वीय सर्वेक्षणांची कथा

१/
मुंबईच्या बॅक बे भागात समुद्र हटवून जमीन तयार करण्याचे मोठे काम १९२० च्या दशकात चालू होते. त्या भरावासाठी लागणारी दगडमाती कांदिवलीच्या खाणींतून रेल्वेने दक्षिणेकडे नेली जात असे. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर सायंकाळी विसावणाऱ्यांच्या पायांखालच्या भरावात उपनगरातील एका टेकडीचा अंश आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याच कांदिवलीच्या मातीत पुढे अश्मयुगीन मानवाची हत्यारे ओळखली गेली.

२/
अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे ऐकली की लोकल गाड्या, इमारती आणि गर्दी डोळ्यांसमोर येते. या भूमीचा इतिहास इंग्रजी अमदानीपासून सुरू होतो, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे, हे सिद्ध करण्याचे श्रेय प्रामुख्याने क्षेत्रीय सर्वेक्षणाला जाते. उत्खननाची कुदळ जमिनीला लागण्यापूर्वी, आणि पुष्कळदा ती कधीच लागणार नसते तेथेही, पायी फिरून केलेली नोंद म्हणजे सर्वेक्षण.

३/
सर्वेक्षकाचे काम वरकरणी साधे दिसते. ओढ्याचा काठ, विहिरीच्या खोदाईतून निघालेली माती, गावदेवीच्या पारावरचे दगड, जुन्या तळ्याचा बांध हे सारे तो बारकाईने पाहतो. सापडलेल्या वस्तूचे नेमके स्थान, तिच्याभोवतीची माती आणि तिच्या सोबतच्या वस्तू यांची नोंद करतो, नकाशा काढतो, छायाचित्रे घेतो. या नोंदीतला प्राण एकाच शब्दात आहे: स्थान. स्थान हरवलेले हत्यार हा केवळ एक देखणा दगड उरतो.

४/
ज्या भूमीची ही कथा आहे तिचे जुने नाव साष्टी. मुंबई उपनगर जिल्ह्याचा बहुतांश भाग या बेटावर वसलेला आहे. साष्टी म्हणजे षट्षष्टी, अर्थात सहासष्ट गावांचा प्रदेश. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या लेखांत हे नाव येते. परळ येथे मिळालेल्या, अपरादित्याच्या काळातील इ. स. ११८७ च्या शिलालेखातही ते आढळते. आठशे वर्षांपूर्वीचा राजलेख आणि आजचे उपनगर यांना जोडणारा हा एक धागा.

५/
आधुनिक शोधाची सुरुवात कान्हेरीपासून झाली. १८३९ मध्ये डॉ. जेम्स बर्ड यांनी तेथील मोठ्या चैत्यगृहासमोरचा स्तूप खोदला. त्यात त्रैकूटक राजवटीचा संवत् २४५, म्हणजे इ. स. ४९३-९४ चा ताम्रपट मिळाला. शोध मोलाचा होता. परंतु स्तूप एकदाच खोदता येतो. पुढच्या अभ्यासकाला तोच पुरावा मूळ अवस्थेत पाहण्याची संधी उरत नाही. सर्वेक्षणाचा मार्ग याहून वेगळा आहे. त्यात पुरावा जागेवर राहतो आणि नोंद हाती येते.

६/
ई. डब्ल्यू. वेस्ट यांनी १८६० च्या सुमारास असेच काम केले. कान्हेरीच्या लेण्यांची पाहणी करून त्यांनी तेथील शिलालेखांच्या नकला प्रसिद्ध केल्या. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे अनेक विद्वान या लेखांवर काम करत राहिले. डॉ. शोभना गोखले यांचा कान्हेरीच्या शिलालेखांवरील ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. कल्याण, सोपारा, नाशिक अशा ठिकाणच्या दात्यांची नावे या लेखांतून कळतात.

७/
या लेखांत भिक्षुसंघाला दिलेल्या जमिनींचाही उल्लेख येतो. त्यांपैकी एक शेत ‘मंगलठाण’ येथे होते. अभ्यासकांनी हे स्थान बोरिवलीजवळचे मागाठाणे म्हणून ओळखले आहे. मागाठाण्यालाही बौद्ध लेणी आहेत. म्हणजे डोंगरावरचा विहार आणि पायथ्याचे शेत यांचे नाते प्रथम दगडावरच्या अक्षरांत वाचले गेले, आणि पायी फिरताना ते भूमीवर सापडले. आज मागाठाणे हे मेट्रोचे एक स्थानक आहे.

८/
पूर्व उपनगरांचा असाच एक पुरावा तांब्यावर कोरलेला आहे. भांडुप येथे मिळालेला शिलाहार राजा छित्तराज याचा ताम्रपट शके ९४८, म्हणजे इ. स. १०२६ चा आहे. त्यात षट्षष्टीतील ‘नौर’ गावातील एक शेत दान दिल्याची नोंद आहे. शेताच्या सीमा सांगताना शेजारच्या गावांची नावे आणि राजपथ यांचा निर्देश होतो. हे नौर म्हणजे भांडुप आणि मुलुंड यांच्या मधले नहूर. हजार वर्षांपूर्वी येथे मोजलेली शेते होती, त्यांना नावे होती आणि त्यांच्या कडेने राजमार्ग जात होता.

९/
पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे नाव येथे आदराने घ्यावे लागते. १८८२ मध्ये त्यांनी सोपारा येथील स्तूपाचे उत्खनन केले, आणि सोपाऱ्यातच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही उजेडात आणला. त्यांच्या त्याच निबंधात आणखी एका स्थळाची दखल आहे: आकुर्लीजवळची पडण टेकडी. या काळ्या कातळावर कोरलेली चिन्हे आणि ब्राह्मी लिपीतील लहान लेख त्यांनी नोंदवले. आकुर्ली आज कांदिवली पूर्वेत येते.

१०/
येथवर शोध होता तो लेखांचा आणि लेण्यांचा, म्हणजे ऐतिहासिक काळाचा. अक्षरांच्या आधीच्या माणसाकडे मुंबईत लक्ष वेधले ते लेफ्टनंट कमांडर के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याने. मुंबईच्या परिसरातील प्रागैतिहासिक मानवावरचा त्यांचा पहिला निबंध १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३९ मध्ये रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात त्यांनी पुराश्मयुगीन हत्यारांवर लिहिले, आणि १९५० मध्ये ‘एन्शंट इंडिया’च्या सहाव्या अंकात सूक्ष्मास्त्रांवर.

११/
टॉड यांच्या कामाचा केंद्रबिंदू कांदिवली होता. तेथे उघड्या पडलेल्या मातीच्या उभ्या कापात चिकणमाती आणि वाळूखड्यांचे थर एकावर एक दिसत होते. खालच्या थरांत हातकुऱ्हाडी आणि जाड छिलक्यांची हत्यारे, वर पाती, आणि सर्वांत वरच्या मातीत सूक्ष्मास्त्रे असा क्रम त्यांनी मांडला. हत्यारे वेचून पेटीत भरणे कोणालाही जमले असते. कोणते हत्यार कोणत्या थरातले, ही नोंद हे टॉड यांचे खरे योगदान.

१२/
सूक्ष्मास्त्र म्हणजे काय? नखाएवढ्या किंवा बोटाच्या पेराएवढ्या दगडी पात्या, त्रिकोण, अर्धचंद्र. लाकडाच्या किंवा हाडाच्या दांड्यात ओळीने बसवून त्यांचा बाण, भाला किंवा विळा तयार होई. दख्खनच्या ज्वालामुखीय खडकांच्या पोकळ्यांत सापडणारे अगेट, कॅल्सेडनी, जॅस्पर हे गुळगुळीत, धारदार फुटणारे दगड त्यासाठी वापरले जात. टॉड यांना अशी हत्यारे साष्टीच्या किनारपट्टीवरही मिळाली. समुद्र, खाडी आणि डोंगर एकमेकांच्या हाकेवर असणारी ही जागा शिकारी आणि मासेमारी करणाऱ्या माणसांना सोयीची होती.

१३/
पाण्याची दिशा पाहिली की हे अधिक स्पष्ट होते. दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या चारही नद्या बोरिवलीपासून पवईपर्यंतच्या डोंगराळ पट्ट्यात उगम पावतात. गोडे पाणी, दगड, सावली आणि भक्ष्य यांची येथे एकत्र सोय होती. आज ज्यांना आपण नाला म्हणतो, त्या प्रवाहांच्या काठी मुंबईचे पहिले रहिवासी वावरले.

१४/
टॉड यांचे सारे निष्कर्ष मात्र आहेत तसे स्वीकारता येत नाहीत. त्या काळच्या रीतीनुसार त्यांनी हत्यारांना युरोपातील संस्कृतींची नावे दिली, आणि भारतीय पुराव्याला ती झूल नीट बसत नाही. पुढे एस. सी. मलिक यांनी मुंबई आणि सातारा जिल्ह्यांतील अश्मयुगीन हत्यारांचा अभ्यास केला. तो १९५९ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने प्रसिद्ध केला. स्टॅटिरा गझदर यांनी संपूर्ण कोकण किनाऱ्याचे प्राचीन पर्यावरण आणि अश्मयुग यांची सांगड घातली. तो ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९८० मध्ये काढला. मूळ नोंद असेल तरच ती अशी पुन्हा तपासता येते.

१५/
येथे बॅक बेकडे पुन्हा वळू. कल्पना करा, भरावासोबत कांदिवलीची एखादी हातकुऱ्हाड चर्चगेटजवळ येऊन पडली आणि उद्या पाया खोदताना ती सापडली. वर्तमानपत्रात मथळा येईल: ‘दक्षिण मुंबईत आदिमानव!’ पण ती कुऱ्हाड तेथील माणसाबद्दल काहीच सांगणार नाही. तिचा थर गेला, सोबतचे दगड गेले, स्थान गेले. ज्या भूमीवर शतकभर भराव, सपाटीकरण आणि खोदाई चालू आहे, तेथे ‘काय सापडले’ याआधी ‘ही माती मुळात कोठली’ हे विचारावे लागते.

१६/
सर्वेक्षण केवळ आदिमानवापुरते नसते. बोरिवलीतील एक्सर येथे सहा वीरगळ आहेत. वीरगळ म्हणजे युद्धात पडलेल्या वीराचे स्मारक. त्यांपैकी काहींवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. काही अभ्यासक हे शिल्प तेराव्या शतकातील शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या संघर्षाशी जोडतात. मंडपेश्वर आणि जोगेश्वरीची शैव लेणी, अंधेरीजवळची कोंडिविटे अर्थात महाकाली लेणी यांना जोडून पाहिले, की साष्टीचा एक सलग नकाशा उभा राहतो.

१७/
हा नकाशा पूर्ण करण्याचा पद्धतशीर प्रयत्न अलीकडच्या काळात झाला. मुंबई विद्यापीठाचे बहिःशाल शिक्षण केंद्र, विलेपार्ल्याचे साठये महाविद्यालय आणि इन्स्टुसेन न्यास यांच्याशी संबंधित अभ्यासकांनी २०१५ नंतरच्या वर्षांत साष्टीचे समन्वेषण हाती घेतले. डॉ. मुग्धा कर्णिक, डॉ. कुरुष दलाल, डॉ. सूरज पंडित ही या कामाशी जोडलेली नावे. विद्यार्थ्यांच्या तुकड्या गावठाणे, कोळीवाडे, देवळांची आवारे आणि टेकड्या पायी धुंडाळत होत्या.

१८/
शहरातील सर्वेक्षणाची रीत खेड्यातल्यापेक्षा वेगळी असते. येथे नांगरलेले शेत नसते. म्हणून पिंपळाखाली शेंदूर लावलेला दगड पाहावा लागतो. तो एखाद्या जुन्या मंदिराचा भग्न भाग असू शकतो, वीरगळ असू शकतो किंवा गधेगळही. दान दिलेली जमीन हिरावणाऱ्याला शाप देणारा दगड म्हणजे गधेगळ. गावकऱ्यांनी देव मानून तो जपला, म्हणूनच तो पुष्कळदा टिकला. अशा ठिकाणी ज्येष्ठ रहिवाशांशी बोलणे हाही सर्वेक्षणाचाच भाग असतो.

१९/
डॉ. पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या अरण्यात पूर्वी नोंद नसलेली सात लेणी शोधली. त्यांची घडण साधी आहे आणि कान्हेरीत जागोजागी दिसणारी पाण्याची टाकी तेथे नाहीत. यावरून ती पावसाळी निवासाची आणि आधीच्या टप्प्यातली असावीत, असे मत मांडले गेले. दोनशे वर्षे अभ्यासक ये-जा करत असलेल्या डोंगरात अजून सात लेणी नजरेआड होती, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

२०/
अरण्याने जे जपले, ते सपाटीवर टिकले नाही. मागाठाण्याची लेणी वस्तीच्या गराड्यात झिजत आहेत. टेकड्या कापल्या गेल्या, ओढ्यांना काँक्रीटच्या भिंती आल्या आणि त्यांच्या काठांवरचे थर कायमचे झाकले गेले. टॉड यांनी पाहिलेल्या कांदिवलीत आज कोणी गेले, तर त्यांच्या निबंधातील वर्णन हाच बराचसा पुरावा उरला आहे. जे नोंदले गेले तेवढेच वाचले.

२१/
म्हणून इतिहासप्रेमी तरुणांनी एवढे करावे. वेगळा दगड, खापर किंवा शिल्प दिसले, तर ते उचलू नये, धुऊ नये, घरी नेऊ नये. शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, स्थान अचूक टिपावे, भोवतालचे दृश्यही चित्रित करावे आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा विद्यापीठातील अभ्यासकांना कळवावे. १८७८ चा निखात निधी कायदा आणि १९७२ चा पुरावस्तू कायदा यांमुळे अशा वस्तूंबाबत कायदेशीर बंधनेही आहेत.

२२/
छित्तराजाच्या लेखकाने १०२६ मध्ये एका शेताच्या चारही सीमा तांब्यावर कोरून ठेवल्या. ते शेत आज ओळखता येत नाही, राजपथही दिसत नाही. तरीही नहूर स्थानकावर गाडी थांबते तेव्हा त्या गावाचे वय सांगता येते, कारण कोणीतरी स्थान लिहून ठेवले आणि दुसऱ्या कोणीतरी ते पायी जाऊन ताडून पाहिले.