मुंबईची आपत्ती-इशारा यंत्रणा

अतिवृष्टी, मोठी भरती, चक्रीवादळ यांची पूर्वसूचना मुंबईकरांना देणारी व्यवस्था. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाल्यानंतर (पहा : मिठी नदी) महापालिकेने शहरात स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले. भारतीय हवामान विभागाचे इशारे हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल रंगांनी दर्शवितात. पर्जन्यजलवाहिन्यांची अनेक मुखे भरतीच्या पातळीखाली असल्याने मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आल्यास पाण्याचा निचरा थांबतो. म्हणून साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस पावसाळ्यापूर्वीच जाहीर होतात (पहा : भरती-ओहोटी). ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर-इशारा प्रणाली २०२० मध्ये कार्यान्वित झाली. महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा दूरध्वनी क्रमांक १९१६ आहे.