सांडवा

तलाव भरत आला की सांडव्याच्या भिंतीवर आधी नुसती ओल चढते. मग नखाएवढ्या जाडीचं पाणी माथ्यावरून घसरतं, खालच्या दगडांवर आपटून पांढरं होतं आणि गावात निरोप पोचतो, तलाव सांडला! बाया खण-नारळ घेऊन ओटी भरायला निघतात, पोरं मासे धरायला ओढ्यात उतरतात.

सोलापूरजवळच्या होटगीच्या बाजूला कन्नड आणि मराठी एकाच कट्ट्यावर बोलल्या जातात, म्हणून या जागेला नावंही दोन. कन्नडात ‘कोडी’, मराठीत ‘सांडवा’. सांडणे हे क्रियापद प्राकृतातल्या ‘छंड’वरून आलं; हिंदीतलं ‘छाँड़ना’ त्याचं भावंड. ज्ञानेश्वरीत सांडणे म्हणजे टाकणं, सोडून देणं. आज दूध सांडलं की आपण हळहळतो. सांडव्यात मात्र तो जुना अर्थ जिवंत आहे. जास्तीचं पाणी जाणूनबुजून सोडून द्यायची ही जागा.

मातीच्या भरावावरून पाणी गेलं की माती खरवडत जाते आणि बांध फुटतो. म्हणून सांडव्याचा माथा भरावाच्या माथ्यापेक्षा खाली ठेवतात. 1871 साली पुरं झालेलं एकरुखचं, म्हणजे हिप्परग्याचं, दोन किलोमीटरहून लांब मातीचं धरण असो, की 1972च्या दुष्काळात मजुरांनी पाट्या वाहून उभे केलेले पाझर तलाव, हा नियम कुणालाच चुकत नाही.

पूर अडतो तो या दोन माथ्यांमधल्या रिकाम्या जागेत. ओढ्याचा लोंढा आत शिरतो, तलावभर पसरतो, पातळी चढत जाते. सांडव्यावरून जाणारं पाणी लोंढ्यापेक्षा कमी असतं आणि उशिरा जातं. खालच्या गावाला तेवढी उसंत मिळते. तलाव अर्धा रिकामा असेल तर लोंढा आतच जिरतो. पण सोलापूरचा मोठा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात, तलाव भरत आल्यावर येतो. 14 ऑक्टोबर 2020ला असाच कोसळला. आणि सप्टेंबर 2025मध्ये सीना नदी फुगली तशा महापुरापुढे एकटा तलाव काय करणार? त्यासाठी वरच्या प्रत्येक ओढ्यावर तलाव हवा, आणि तो गाळानं भरलेला नको. गाळ काढणं म्हणजे पुरासाठी घरात जागा करणं, असं मी मानतो.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे वीतभर पाणी वाढावं म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचणं. पुराची जागा तिथेच संपते आणि भराव धोक्यात येतो. मृगाआधी गावानं एक दिवस काढून सांडव्यातल्या वेड्या बाभळी तोडाव्यात, राडारोडा उचलावा, खालचा ओढा मोकळा करावा. आणि पोती रचलेली दिसली, तर त्याच दिवशी काढून टाकावीत.