परिचारिका प्रशिक्षण : अर्जाआधी घराचा हिशेब

यवतमाळ, प्रतिनिधी : बारावीचा निकाल लागला की परिचर्या अभ्यासक्रमांची चौकशी सुरू होते. माहितीपत्रकांतून पात्रता, शुल्क आणि अर्जाची मुदत समजते. मात्र अर्जदार स्वतःच घरातील कमावती व्यक्ती असेल, तर तिचा पहिला प्रश्न निराळा असतो. प्रशिक्षणाच्या काळात घर कशावर चालणार? कोरडवाहू कापसाच्या या जिल्ह्यात हा प्रश्न अपवादात्मक नाही. पतीच्या निधनानंतर वावर आणि कर्ज दोन्ही अंगावर आलेल्या, मजुरी, शिवणकाम किंवा अंगणवाडीच्या मानधनावर मुले वाढविणाऱ्या स्त्रिया येथे गावोगावी आहेत. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेल्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी केले, तेव्हा हे वास्तव साऱ्या महाराष्ट्राने व्यासपीठावर पाहिले. अशाच परिस्थितीतून परिचर्या क्षेत्राकडे वळू पाहणाऱ्यांसाठी ही माहिती संकलित केली आहे.

परिचर्येत प्रवेशाचे तीन मार्ग आहेत. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केवळ स्त्रियांसाठी असून त्यात सहा महिन्यांच्या आंतरवासितेचा समावेश आहे. जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका आहे. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी असून तिच्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आणि खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के गुण लागतात. जी.एन.एम.ला कोणत्याही शाखेची बारावी चालते; मात्र इंग्रजी विषय हवा आणि गुण किमान ४० टक्के हवेत. कला शाखेतून बारावी झालेल्या, पुढे लग्न होऊन शिक्षण सुटलेल्या स्त्रीसाठी पहिले दोन मार्गच खुले राहतात. ए.एन.एम. व जी.एन.एम.च्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, तर पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते.

तीनही अभ्यासक्रमांसाठी किमान वय १७ आणि कमाल वय ३५ वर्षे आहे. पस्तिशीची ही अट संसारी स्त्रीच्या दृष्टीने सर्वांत कठोर ठरते, कारण मुले थोडी मोठी होऊन हात मोकळे होईपर्यंत ती वर्षे सरलेली असतात. या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. नोंदणीकृत ए.एन.एम.ला पुढे जी.एन.एम.साठी प्रवेश घेताना वयाची अट लागू होत नाही. म्हणजे ३४व्या वर्षी ए.एन.एम.ला प्रवेश घेतलेली स्त्री ३६व्या वर्षी कमावती होऊन, काही वर्षांनी घर सावरल्यावर जी.एन.एम.कडे वळू शकते. त्यानंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहेच. वर्गातील इतर मुली थेट जी.एन.एम. करीत आहेत म्हणून आपणही तेच करावे, असे कुटुंब पोसणाऱ्या अर्जदाराने मानू नये. तिच्यासाठी दोन टप्प्यांचा लांबचा रस्ता पुष्कळदा सुरक्षित असतो.

तीन वर्षांच्या मजुरीची किंमत

शुल्काची चौकशी सगळेच करतात. बुडणाऱ्या मजुरीचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. तोच दर प्रमाण मानून आणि महिन्याचे २४ दिवस काम धरून पाहिले, तर महिन्याला ७,४८८ रुपये होतात. ए.एन.एम.च्या २४ महिन्यांत या हिशेबाने १ लाख ७९ हजार ७१२ रुपयांच्या, तर जी.एन.एम.च्या ३६ महिन्यांत २ लाख ६९ हजार ५६८ रुपयांच्या उत्पन्नावर पाणी सोडावे लागते. शासकीय शाळेतील शुल्क या रकमेपुढे किरकोळ असते. एका अभ्यासक्रमाऐवजी दुसरा निवडण्याचा खरा खर्च म्हणजे हे ८९ हजार ८५६ रुपये होत.

दुसऱ्या पारड्यात वेतन आहे. सातव्या वेतन आयोगानुसार जिल्हा परिषदेकडील ए.एन.एम.चे मूळ वेतन २५,५०० रुपयांपासून, तर शासकीय रुग्णालयातील अधिपरिचारिकेचे ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. कागदावर पाहता तीन वर्षांची मजुरी आठ महिन्यांत भरून निघते. परंतु नियमित पदभरती वर्षानुवर्षे खोळंबते आणि तोवर कंत्राटी पदावर किंवा खासगी रुग्णालयात याहून पुष्कळ कमी पगारावर काम करावे लागते. त्यामुळे घराचा ताळेबंद मांडताना शासकीय वेतन गृहीत धरणे धोक्याचे आहे.

शिकता शिकता काम करता येईल, ही आशाही बाळगू नये. परिचर्या प्रशिक्षण पूर्णवेळ असते. रुग्णालयातील प्रात्यक्षिकांची १०० टक्के हजेरी भरल्याखेरीज प्रमाणपत्र मिळत नाही. आजारपणात बुडालेले दिवसही भरून द्यावे लागतात. पाळ्यांमध्ये रात्रपाळी असते. बी.एस्सी.च्या अखेरच्या सत्रात २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास आंतरवासिता करावी लागते. पत्रव्यवहाराने किंवा रविवारच्या वर्गांतून परिचारिका करून देण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर तेथून परत फिरावे.

घर, गाव आणि वसतिगृह

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत आणि त्याचा विस्तार साडेतेरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेले श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय यवतमाळ शहरात आहे. उमरखेड किंवा वणीहून तेथे रोज जाऊन-येऊन शिकणे एस.टी.च्या भरवशावर शक्य नाही. दोन्ही गावे शंभर किलोमीटरच्या आसपास दूर आहेत. झरी जामणीच्या टोकाला राहणाऱ्यांची स्थिती त्याहून बिकट. म्हणजे वसतिगृह आले, आणि वसतिगृहात मुले नेता येत नाहीत. मुले माहेरी ठेवायची की सासरी, आजारी सासूचे औषधपाणी कोण पाहणार, याची उत्तरे अर्ज भरण्याआधी मिळालेली बरी. वसतिगृहात राहणे बंधनकारक आहे काय, हे संस्थेकडून लेखी विचारून घ्यावे. वर्धा आणि नागपूर येथे पर्याय अधिक आहेत. सेवाग्रामला कस्तुरबा नर्सिंग महाविद्यालय, तर नागपूरला शासकीय परिचर्या महाविद्यालय आहे. मात्र तेथे गेल्यास घर आणखी दुरावते.

ही अडचण आजची नाही. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि ससून रुग्णालयात परिचर्या शिकणाऱ्या स्त्रियांसाठी, त्यांत विधवा पुष्कळ होत्या, वसतिगृहाची सोय केली. शिक्षणाबरोबर निवाऱ्याचाही विचार झाला पाहिजे, हे त्या काळी ओळखले गेले होते. आजच्या योजनांत मात्र विद्यार्थिनी ही कोणाची तरी मुलगी आहे, असेच गृहीत धरलेले दिसते. ती कोणाची आई असू शकते, याची नोंद अर्जात फारशी सापडत नाही.

कोणते पैसे कोठून

राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्यात आले. ही सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागांनाच आहे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश आणि खासगी अभिमत विद्यापीठे तिच्या कक्षेबाहेर आहेत. घाईने व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की माफी हातची जाते. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थिनींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, तर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे. आदिवासी अर्जदारांनी आपल्या तालुक्यानुसार पांढरकवडा किंवा पुसद येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी.

हे सारे शिक्षणासाठी झाले. घरासाठी वेगळ्या योजना आहेत आणि एकट्या स्त्रीने त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये. विधवा व निराधार स्त्रियांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा १,५०० रुपये देण्याची तरतूद २०२३ मध्ये झाली. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची रक्कमही तेवढीच ठरली. मात्र अन्य योजनेतून १,५०० रुपये मिळत असल्यास तिचा लाभ मिळत नाही. सर्वांत कमी ठाऊक असलेली योजना बाल संगोपनाची. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी तिचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा २,२५० रुपये करण्यात आले. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात त्यासाठी अर्ज करावा लागतो. दोन मुले पात्र ठरली, तर ४,५०० रुपये होतात आणि वर उल्लेखिलेल्या मासिक मजुरीतील निम्म्याहून अधिक तूट भरून निघते.

माहेरचे कागद

विवाहित अर्जदारांची खरी दमछाक कागदपत्रांत होते. जातीचे प्रमाणपत्र वडिलांकडील पुराव्यांवर व वडिलांच्या मूळ गावावरून मिळते. सासरच्या तहसील कार्यालयात हेलपाटे घालून उपयोग नाही. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रासाठीही आई-वडिलांची स्थिती पाहिली जाते, पतीचे उत्पन्न नव्हे. सेतू केंद्रांतही याबाबत गोंधळ आढळतो. बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने, ही आणखी एक अडचण. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदल हाताशी नसेल, तर ऐन प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ होते. शिक्षणातील खंडाचे प्रतिज्ञापत्र, अधिवास प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र यांची तयारी निदान वर्षभर आधी सुरू करावी. वैधतेच्या प्रकरणाला किती महिने लागतील, हे कोणी सांगू शकत नाही.

बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी घेतली जाते. तिचे अर्ज वर्षाच्या आरंभी, म्हणजे येथे कापसाची वेचणी चालू असतानाच भरावे लागले आहेत. दिवसभर वावरात असलेल्या स्त्रीच्या हातून मुदत निसटणे मग सोपे असते. पदविकांच्या प्रवेशाचे नियम बदलत आले आहेत. मागच्या वर्षी प्रवेश घेतलेल्या मैत्रिणीच्या सांगण्यावर न विसंबता त्या-त्या वर्षाची अधिसूचना वाचावी.

मान्यता आधी, शुल्क नंतर

तालुक्याच्या गावी ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘पेशंट केअर’ अशा नावांचे सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे वर्ग चालतात. त्यांतून रुग्णालयात मदतनिसाचे काम मिळू शकते. परंतु महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होत नाही, आणि नोंदणीविना परिचारिका म्हणून नोकरी नाही. संस्थेचे नाव परिषदेच्या यादीत त्या शैक्षणिक वर्षासाठी आहे की नाही, हे स्वतः पाहावे. परराज्यात स्वस्त प्रवेश मिळवून देणाऱ्या दलालांपासूनही सावध राहावे. मध्य प्रदेशात अनेक परिचर्या महाविद्यालये कागदोपत्रीच चालत असल्याच्या तक्रारी झाल्या, उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआय चौकशी लागली आणि विद्यार्थ्यांच्या परीक्षा दीर्घकाळ रखडल्या. घरची मिळकत थांबवून शिकणाऱ्या स्त्रीला असे एक वर्षही परवडणारे नसते.

शिष्यवृत्तीची रक्कम बहुधा वर्ष सरता सरता खात्यात येते, तर मेसचे पैसे, गणवेश आणि पुस्तके पहिल्याच महिन्यात लागतात. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांच्या आदर्श योजनेनुसार तारण लागत नाही, आणि अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरापर्यंत परतफेडीची सवड असते. बचत गटाचा किंवा मायक्रोफायनान्सचा हप्ता मात्र थांबत नाही. तो चालू असेल, तर प्रवेश निश्चित करण्यापूर्वी किती हप्ते उरले आहेत ते मोजावे, शक्य असल्यास तेवढे फेडूनच जावे, आणि शुल्क हप्त्यांनी भरण्याची मुभा असल्यास ती संस्थेकडून पावतीवर लिहून घ्यावी.