डबीतला शिपाई

अमेरिकेच्या उत्तरेतील आणि दक्षिणेतील राज्यांच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) सैन्यात भरती झालेला तरुण अंगावर गणवेश चढला की फोटोवाल्याकडे जात असे. गावातला स्टुडिओ असो की छावणीच्या कडेला ठोकलेला तंबू, थोडक्या पैशांत आणि काही मिनिटांत त्याची तसबीर तयार होई. आधीच्या युद्धांत चित्रे निघाली ती सेनापतींची. साध्या शिपायाचा चेहरा त्याच्यामागे घरात राहिला तो बहुतांशी या युद्धापासून.

ही सोय झाली ती फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने १८५१ मध्ये जाहीर केलेल्या कोलोडियन पद्धतीमुळे. काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, वाळण्याच्या आत धुऊन काढायची. मागे काळा रंग दिला की काचेवरचे फिके चित्र उठून दिसे. हा अँब्रोटाइप. काचेऐवजी काळे रोगण चढवलेला पातळ लोखंडी पत्रा वापरला की टिनटाइप. नावात टिन असले तरी त्यात कथिल नसे. काच फुटे, पत्रा टपालातून सुखरूप पोहोचे, म्हणून शिपायांची पसंती पत्र्याला. तळहातावर मावणारी ही चित्रे आतून मखमल लावलेल्या, बिजागरीच्या डब्यांत बसवून दिली जात.

त्यांतला एखादा टिनटाइप जवळून पाहिला तर दिसते की पट्ट्याच्या बक्कलवरची अक्षरे उलटी आहेत, कारण हे चित्र आरशातल्यासारखे उमटते. बटणांना सोनेरी आणि गालांना गुलाबी रंगाचा हात दिलेला असतो. बुटांच्या मागे कधी कधी एका लोखंडी स्टँडचे पाय डोकावतात. काही सेकंद डोके हलू नये म्हणून मानेमागे आधार देणारा तो चिमटा. या चेहऱ्यांवरच्या गंभीर भावात पाहणाऱ्याला पुढच्या मरणाची चाहूल लागल्याचा भास होतो. त्या गांभीर्यातला काही भाग या चिमट्याचा आहे. मात्र हे कळल्यावरही चित्राची पकड सुटत नाही.

रणांगणाची चित्रे निराळी. १७ सप्टेंबर १८६२ रोजी मेरीलँडमध्ये अँटीटमला एका दिवसात सुमारे २३,००० सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. दोन दिवसांनी छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनर आणि जेम्स गिब्सन कॅमेरा घेऊन तिथे पोहोचले, तेव्हा सगळे मृतदेह पुरून झाले नव्हते. ऑक्टोबरमध्ये, ज्याच्यासाठी ते काम करत त्या मॅथ्यू ब्रेडीने ती छायाचित्रे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील आपल्या गॅलरीत मांडली. गर्दी लोटली. तेव्हाच्या वर्तमानपत्रांना छायाचित्र छापता येत नसे. त्यावरून लाकडात कोरलेले चित्र तेवढे येई. त्यामुळे खरे चित्र पाहायला गॅलरीतच जावे लागे. २० ऑक्टोबरच्या न्यूयॉर्क टाइम्सने लिहिले, त्याचा आशय असा : ब्रेडीने प्रेते आणून आमच्या अंगणात ठेवली नसतील, पण त्याच्या जवळपास जाणारे काहीतरी केले आहे. मृतांचे चेहरे भिंगाखाली ओळखू येतील इतके स्पष्ट आहेत, याची लेखकाला धास्ती वाटली. एखाद्या बाईला त्या रांगेत आपला नवरा किंवा मुलगा दिसला तर?

लेखक व वैद्य ऑलिव्हर वेंडेल होम्स हे जखमी मुलाच्या शोधात त्याच रणांगणावर जाऊन आले होते. १८६३ च्या उन्हाळ्यात अटलांटिक मासिकात त्यांनी नमूद केले की ही चित्रे त्यांनी कपाटात आत ढकलून दिली, जसे ते अवशेष जमिनीत पुरले असते तसे. प्रत्यक्ष पाहिलेले पुन्हा पाहणे त्यांना सोसेना.

रणांगणावरचे चित्र मात्र सांगाल ती गोष्ट निमूट मान्य करते. गेटिसबर्गच्या लढाईनंतर (१ ते ३ जुलै १८६३) टिपलेला, दगडांच्या आडोशाला पडलेला दक्षिणेचा तरुण सैनिक गार्डनरच्या १८६६ च्या संग्रहात नेमबाज म्हणून आला. सोबतच्या मजकुरात त्याच्या एकाकी मरणाची करुण कहाणी होती. जवळजवळ शंभर वर्षांनी लक्षात आले की तोच देह दुसऱ्या जागी टिपलेल्या चित्रांतही आहे. विल्यम फ्रासानिटो यांनी १९७५ मध्ये जागांचा मेळ घालून दाखवले, की छायाचित्रकारांनी देह उचलून त्या आडोशाला नेला होता. शेजारची बंदूकही नेमबाजाची नव्हती. मृत तरुण खरा होता, त्याची गोष्ट रचलेली होती.

याच गेटिसबर्गमध्ये, १ जुलैला मेलेला एक शिपाई सापडला तेव्हा त्याच्याजवळ ना नाव होते ना पत्ता. सैनिकांना ओळखपट्टी देण्याची पद्धतच तेव्हा नव्हती. होता तो एक अँब्रोटाइप, तीन मुलांचा. ते चित्र फिलाडेल्फियाच्या डॉ. जॉन फ्रान्सिस बर्न्स यांच्या हाती आले आणि त्यांनी घरचा शोध सुरू केला. १९ ऑक्टोबर १८६३ च्या फिलाडेल्फिया इन्क्वायररने हा कुणाचा बाप, असे विचारणारा मजकूर छापला. छायाचित्र छापणे शक्य नव्हते, म्हणून वर्णन दिले : धाकटा मुलगा उंच खुर्चीत मधोमध, दोन बाजूंना भाऊ आणि बहीण, मोठ्या मुलाचे जाकीट आणि बहिणीचा झगा एकाच कापडाचे. दुसऱ्या वर्तमानपत्रांनी तो मजकूर उचलला. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावी फिलिंडा ह्युमिस्टन हिच्यापर्यंत तो पोहोचला. असे चित्र तिनेच नवऱ्याला पाठवले होते. तिने चौकशी केली, कागदी प्रत टपालाने आली आणि ती विधवा झाल्याचे तिला तेव्हा कळले. सार्जंट एमस ह्युमिस्टन, १५४ वी न्यूयॉर्क पायदळ रेजिमेंट. मुले फ्रँक, ॲलिस आणि फ्रेड.

गॅलरीतल्या प्रेतांनी जे साधले नव्हते ते या चित्राने साधले. त्यात युद्ध नव्हते, रक्त नव्हते, सैनिकही नव्हता. मरणाऱ्याने शेवटी काय पाहिले एवढेच पाहणाऱ्याच्या हाती होते, आणि तसा बाप जवळपास प्रत्येक घरातून गेलेला होता. चित्राच्या प्रती खपल्या, त्यावर गाणे झाले, जमलेल्या पैशातून १८६६ मध्ये गेटिसबर्गला सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी आश्रम निघाला. फिलिंडाने तिथे काही काळ काम केले. पुढे मुलांचा छळ आणि पैशांची अफरातफर अशा आरोपांत तो १८७७ मध्ये बंद पडला. करुणेतून उभ्या राहिलेल्या संस्थेची ही अखेर त्या चित्राच्या गोष्टीत सहसा सांगितली जात नाही.

कृष्णवर्णीय सैनिकांच्या तसबिरींचे वजन आणखी वेगळे होते. १८६३ पासून उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय भरती झाले. त्यांतले पुष्कळ जण अगदी अलीकडेपर्यंत कुणाच्या तरी मालकीचे होते. बटणावर गरुड आणि खांद्यावर बंदूक आली की याचे नागरिकत्व कुणालाही नाकारता येणार नाही, असे स्वतः गुलामगिरीतून सुटलेले फ्रेडरिक डग्लस भरतीच्या सभेत सांगत होते. एका अँब्रोटाइपमध्ये गणवेशातला सैनिक, शेजारी बायको आणि दोन मुली आहेत; मुलींचे कोट आणि टोप्या सारख्या. बायको-मुले केव्हाही विकली जाऊ शकत होती अशा समाजात, सगळे कुटुंब एका चौकटीत बसवून घेणे हाच मोठा दावा होता.

मुंबईला हे युद्ध कापसाच्या चढत्या भावातून कळले. अमेरिकेत ते घराघरातल्या डब्यांत उरले. मृतांचा रूढ आकडा ६,२०,००० आहे, नंतरच्या संशोधकांनी तो वाढवला आहे. ज्यांनी डबी उघडून नाव सांगितले असते ती माणसे गेल्यावर चित्रे जुन्या बाजारात आली. कुणाचा तरी मुलगा होता तो नुसता शिपाई झाला. टॉम लिल्येनक्विस्ट आणि त्यांच्या मुलांनी अशी चित्रे गोळा करून २०१० मध्ये जवळजवळ ७०० काँग्रेसच्या ग्रंथालयाला दिली. बहुतेकांखाली एकच नोंद होती : ओळख नाही. वर सांगितलेल्या कुटुंबासारखी काहींची नावे पुढे अभ्यासकांनी शोधून काढली.

त्या संग्रहात एका लहान मुलीचा फोटो आहे. तिचे कपडे सुतकाचे आहेत. मांडीवर तिने चौकटीतली एक तसबीर धरली आहे, आणि त्या तसबिरीत तलवार घेतलेला, उंच टोपीतला एक घोडेस्वार आहे. तिला आणि त्याला, दोघांनाही आपापल्या वेळी स्तब्ध राहायला सांगितलेले होते. मुलीचे नाव ठाऊक नाही.