मीठ, सोले आणि मिरची

मासळी शिजविण्यास फारसा वेळ लागत नाही. मटण शिजेपर्यंत चुलीपाशी ताटकळावे लागते. बांगडा मात्र उकळत्या रसात सोडल्यापासून पाच-सात मिनिटांत तयार होतो आणि त्याहून अधिक काळ चुलीवर राहिला तर त्याचा चोथा होतो. वेळ जातो तो वाटणात. म्हणून घरगुती मासळीचा इतिहास पाहावयाचा, तर केवळ माशाकडे पाहून भागत नाही. त्याच्याभोवतीच्या रसाकडे पाहावे लागते. समुद्रातला बांगडा हजार वर्षांपूर्वी होता तोच आज आहे. रस मात्र बदलत गेला, आणि गोव्यात तर त्यातील काही बदल जहाजातून आले व काही धर्मन्यायालयाच्या हुकुमाने आले.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ ११२९ ते ११३१ च्या सुमाराचा. त्यातील जुन्या मराठीच्या खुणांमुळे आपल्या अभ्यासकांना तो परिचित आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादिला व त्याचा पहिला भाग १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. राजाने आपल्या भोगांचे आणि विनोदांचे वर्णन करताना माशांच्या जाती व त्यांची शिकार यांना जागा दिली आहे, तशीच स्वयंपाकालाही दिली आहे. मासे कापून स्वच्छ धुवावेत, चिंचेच्या रसात शिजवावेत, गव्हाचे पीठ लावून तापलेल्या तेलात तांबूस होईपर्यंत तळावेत आणि वर सैंधव, वेलदोडा व मिरी यांची पूड भुरभुरावी, असा त्याचा क्रम आहे. आजच्या गृहिणीने हा क्रम वाचला तर तिला त्यात अपरिचित असे थोडेच वाटेल. गव्हाच्या पिठाच्या जागी ती रवा किंवा तांदळाचे पीठ घेईल, वेलदोडा पाहून किंचित हसेल, आणि मिरची कोठे आहे, असे विचारील.

मिरची नव्हती, कारण ती या खंडातच नव्हती. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर पोचला, त्यानंतर ती युरोपीयांच्या हाती लागली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यावर त्या शतकात त्यांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. तोपर्यंत आपला सारा तिखटपणा मिरीचा. नव्या पदार्थाला लोकांनी नावही जुन्या मिरीवरूनच दिले. तिचा प्रसार कसा झाला याचे दप्तर कोणी ठेवले नाही. दाराशी, परसात, कुंपणालगत उगवणाऱ्या झाडाचे दप्तर कोण ठेवणार? मिरीसाठी राजे लढले, मिरची मात्र गरिबाला फुकट मिळाली. आज पेडण्यातील हरमल आणि काणकोणातील खोला या गावांच्या नावाने मिरची ओळखली जाते, बेळगाव जिल्ह्यात संकेश्वरी मिरचीचा दबदबा आहे, आणि रंगासाठी ब्याडगीला पर्याय नाही.

मिरचीचा काळ ठरविण्यास एका पोर्तुगीज वैद्याचे मौन उपयोगी पडते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगालहून येऊन गोव्यात स्थायिक झाला. हिंदुस्थानातील वनस्पती व औषधी द्रव्ये यांवर त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ गोव्यातच १५६३ मध्ये छापला गेला. त्यात मिरी आहे, लांब पिंपळी आहे, चिंच आहे, मिरची नाही. इतका चौकस मनुष्य, बाजारात मिरचीचे ढीग असते तर ते पाहून गप्प बसला नसता. पण कोकमाची दखल त्याने घेतली आहे. त्या फळाला तो ‘ब्रिंदांव’ म्हणतो. आत रक्तासारखे लाल, चवीला अतिशय आंबट, रंगविण्याच्या उपयोगाचे. गोव्यात या फळाला भिरंड म्हणतात आणि त्याच्या वाळविलेल्या सालीला सोल. साल फळाच्याच रसात पुनःपुन्हा भिजवून उन्हात वाळवितात, तेव्हा ती काळी, मऊ आणि टिकाऊ होते. मुंबईकडे चिंच चालते, पण बांगड्या-तारल्यांसारख्या तेलकट माशाला सोलाचा आंबटपणा जो न्याय देतो, तो चिंचेने मिळत नाही. चिंच रसाला दाट करते. सोल रस पातळ ठेवून माशाचा वास मात्र दडपते.

ओर्ता १५६८ मध्ये वारला. तो ज्यू वंशातील, धर्मांतरित घराण्यातला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्याच्या धर्मन्यायालयाने जाळले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून अग्नीत टाकण्यात आली. ज्या सत्तेच्या छायेत त्याने आपल्या फळांचे वर्णन लिहिले, तिची एक बाजू ही होती.

हे धर्मन्यायालय १५६० मध्ये सुरू झाले आणि मधली चार वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले. त्याच्या आरंभीच्या काळातच सासष्टीतील कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा ही दैवते झुआरी नदी ओलांडून अंत्रुज महालात, प्रियोळ आणि कवळे येथे नेण्यात आली. देवांबरोबर घराणीही गेली. काही भाऊ गेले, काही मागे राहिले आणि ख्रिस्ती झाले. अंत्रुज पोर्तुगीजांकडे गेला तो १७६३ मध्ये, म्हणजे तब्बल दोनशे वर्षांनी. या दोनशे वर्षांत एकाच नदीच्या दोन तीरांवर, एकाच जाळ्यातली मासळी दोन निराळ्या चुलींवर चढत होती.

त्या चुलीपर्यंत धर्मन्यायालयाचा हात पोचला होता, याचा पुरावा १७३६ च्या जाहीरनाम्यात सापडतो. अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोव्याच्या धर्मन्यायालयावरील इंग्रजी ग्रंथात तो वाचावयास मिळतो. स्थानिक ख्रिस्ती लोकांनी अंगणात तुळस ठेवू नये, लग्नात हळद लावू नये, हिंदू पद्धतीचा पोशाख करू नये, अशी कलमे त्यात आहेत. आणि त्यांतच एक कलम असे की, हिंदू करतात त्याप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये. साम्राज्याच्या न्यायासनाने भाताच्या मडक्यातील मिठाची चौकशी करावी, हे वाचताना प्रथम हसू येते. मग ध्यानात येते की या कलमाखाली चाडी करणारा मनुष्य शेजारचा किंवा घरातलाच असावयास पाहिजे. भात अळणी आहे हे दुसऱ्या कोणाला कळणार?

स्वयंपाकाच्या दृष्टीनेही हे कलम क्षुल्लक नाही. भात अळणी असेल तर कालवणाला मीठ भरपूर लागते, कारण एका घासात दोन्ही एकत्र येतात. भातात मीठ असेल तर कालवण सौम्य करावे लागते. म्हणजे हुकूम भातापुरता असला तरी त्याचा परिणाम माशाच्या रसापर्यंत जातो. अंगाला लावावयाच्या हळदीवर बंदी आली. माशाला लावण्याची हळद मात्र दोन्ही तीरांवर राहिली.

हिंदू घरातील बांगड्याचे हुमण हे या साऱ्या कालखंडांचे एकाच भांड्यातील संमेलन होय. सहा मध्यम बांगड्यांस अर्धा नारळ, आठ-दहा सुक्या मिरच्या, चमचाभर धणे आणि थोडी हळद पुरते. हे सर्व पाट्यावर अथवा रगड्यावर गंधासारखे बारीक वाटावे. वाटण रवाळ राहिले तर रस फुटून पाणी वेगळे होते. त्यात पाणी, पाच-सहा सोले आणि मीठ घालून उकळी आणावी. आठ-दहा तिरफळांच्या आतील काळ्या बिया काढून टाकाव्यात, टरफले ओली करून नुसती ठेचावीत आणि रसात टाकावीत. ती वाटू नयेत, वाटली तर कडवटपणा येतो. आता तुकडे सोडावेत. पळी घालून ढवळू नये. मडके दोन्ही हातांनी धरून हलवावे, म्हणजे मासा मोडत नाही. शेवटी चमचाभर कच्चे खोबरेल. कांदा, लसूण, फोडणी काहीही नाही. मिरच्या काढून त्यांच्या जागी मिरी घातली तर हेच हुमण पोर्तुगीजपूर्व काळात नेऊन बसविता येईल. आंबाड्यांच्या दिवसांत याचाच दुसरा प्रकार होतो: उडदाची डाळ व मेथी तेलात परतून वाटणात घालतात आणि त्याला उडीदमेथी म्हणतात.

दुसऱ्या तीरावर आंबटपणा बदलला. पोर्तुगीजांना द्राक्षांच्या दारूचा शिरका प्रिय. येथे द्राक्षे नव्हती, माड होते. रेंदेराने उतरविलेली सूर आंबवून शिरका होऊ लागला, आणि त्यात मिरची, लसूण, जिरे, मिरी वाटून तो तांबडा मसाला तयार झाला, ज्याला रेशाद म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ केवळ ‘भरलेले’ असा आहे. बांगड्याला पाठीकडून चिरून, काटा काढून, त्यात हा मसाला भरून तव्यावर तळावयाचा. शिरका मुरत असल्याने मासळी त्यात टिकते, हा मोठाच फायदा. आता हा मसाला हिंदू घरांतूनही सर्रास होतो. तसेच सोलही ख्रिस्ती स्वयंपाकघरातून कधी हद्दपार झाले नाही.

उपवासाच्या वारांनी मात्र भेद राखला. सोमवारी व श्रावणात अनेक हिंदू घरांत मासळी वर्ज्य. ख्रिस्ती घरात शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून मासळी हवीच.

पावसाळ्यात होड्या बंद राहत, तेव्हा दोन्हीकडे आधार सुक्या मासळीचा. त्या बेगमीला गोव्यात पुरुमेंत म्हणतात; तोही पोर्तुगीज शब्द. सुक्या सुंगटांची किस्मूर तर पाच मिनिटांत होते: सुंगटे कोरडी भाजून डोकी-शेपट्या काढावीत, त्यांत ओले खोबरे, कांदा, तिखट, मीठ आणि सोलाचे पाणी कालवावे. सोले, तिरफळे आणि सुकी मासळी या तिन्ही वस्तू प्रवासाला सोसणाऱ्या, म्हणून समुद्रापासून दूर स्थिरावलेल्या कुटुंबांना त्यांचे मोल अधिक. पेडणे महालातील केरीचे जिवबादादा केरकर महादजी शिंद्यांच्या सेवेत मोठ्या पदास चढले. त्यांच्यासारखी कितीतरी माणसे उत्तरेकडे गेली. ग्वाल्हेर-इंदुराकडे नदीची रोहू मिळते. तिला हुमणाचे हेच वाटण लागू पडते. मात्र तिच्यात बांगड्याचा तेलकटपणा नसल्याने तिरफळ निम्मे करावे आणि तुकड्यांना अगोदर मीठ-हळद लावून अर्धा तास ठेवावे.

उरलेले हुमण मडक्यातच राहते. सकाळी ते मंद विस्तवावर आटवितात; रस दाट होतो, सोले मऊ पडतात, तिखट मुरते. एका घरात ते पेजेबरोबर वाढले जाते, दुसऱ्या घरात पोदेराने पहाटे आणून दिलेल्या पावाबरोबर. आणि अलीकडे पहिल्या घरातही पोदेराची सायकल थांबते.