लोणारचा क्षार आणि शाळेची प्रयोगवही : मिश्रण वेगळे करण्याचा एक जुना इतिहास

१/१३
मीठ, वाळू आणि पाणी एकत्र करून पुन्हा वेगळे करणे हा शालेय रसायनशास्त्रातील बहुधा सर्वांत परिचित प्रयोग. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यातल्या जानेफळच्या परिसरात मात्र या प्रयोगाला किमान चारशे वर्षांचा इतिहास आहे. तो शेजारच्या लोणार सरोवराच्या काठावर घडला. #थ्रेड

२/१३
लोणार हे बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले विवर. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. पाणी आत येते, पण बाहेर वाहून जाण्यास वाट नाही. ते केवळ आटते. पाण्यासोबत आलेले क्षार मागे राहतात व साठत जातात. बाष्पीभवनाचे हे नैसर्गिक पात्रच होय. लवणासुराची कथा सांगणाऱ्या लोकपरंपरेनेही गावाचे नाव खाऱ्या पाण्याशीच जोडले.

३/१३
१६व्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन केले. त्यात मेहकर हे एक सरकार असून लोणारचा उल्लेख स्वतंत्रपणे येतो. काच व साबण करण्यासाठी लागणारे पदार्थ येथे मिळतात आणि त्यावरील करातून राज्याला चांगले उत्पन्न होते, अशी ती नोंद. म्हणजे क्षार वेगळा करण्याची विद्या तेव्हाच महसुलाचा विषय झाली होती.

४/१३
सरोवराच्या पाण्यात प्रामुख्याने दोन विद्राव्य पदार्थ आहेत : साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, आणि सोडा, म्हणजे सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट. दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यात विरघळणारे. वाळू गाळणीने अडते. हे दोन पदार्थ गाळणीतून सारखेच निघून जातात. खरी अडचण येथे सुरू होते.

५/१३
उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर आणि तळाशी क्षार जमे आणि तो गोळा केला जाई. या क्षारांना स्थानिक नावे होती : डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. ही नावे नीट ऐकली तर त्यांत निरीक्षणे सापडतात. पापडी म्हणजे पातळ पापुद्रा, भुस्की म्हणजे भुकटीसारखा मोकळा क्षार. ‘निमक’ या शब्दात तर घटकाचाच निर्देश आहे.

६/१३
ब्रिटिश अमदानीत सरोवराबद्दल इंग्रजीत लिहिले जाऊ लागले. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर याने ते पाहिले व त्याविषयी लिहिले. १९१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश व ख्रिस्ती यांचा लोणारवरील लेख प्रसिद्ध झाला. यांतील ख्रिस्ती हे रसायनतज्ज्ञ; राजस्थानातील सांभर सरोवराच्या मिठाचा अभ्यासही त्यांच्या नावावर आहे.

७/१३
प्रयोगशाळेतील पृथक्करणाने या क्षारांविषयी एक गोष्ट स्पष्ट केली. पाच नावे म्हणजे पाच शुद्ध पदार्थ नव्हेत. घटक तेच, प्रमाण मात्र प्रत्येकात निराळे. तराजू व अभिकर्मक हाती नसताना, केवळ रूप, स्पर्श आणि उपयोग यांवरून क्षार काढणाऱ्यांनी प्रमाणांतील हा भेद ओळखला होता. छापील अहवालांत संशोधकांची नावे राहिली. क्षार काढणाऱ्यांची राहिली नाहीत. त्यांची नोंदवही त्या पाच शब्दांपुरतीच उरली आहे.

८/१३
दरम्यान युरोपात सोडा कारखान्यात तयार होऊ लागला होता. लब्लाँ याची पद्धत १७९१ची, सोल्व्हे याची १८६१ची. साध्या मिठापासून मोठ्या प्रमाणावर, एकसारख्या प्रतीचा सोडा मिळू लागला. १९३९ मध्ये मिठापूर येथे टाटा केमिकल्सची स्थापना झाली. अशा सोड्यासमोर प्रत्येक हंगामात प्रमाण बदलणारा नैसर्गिक क्षार टिकणे अवघड होते. सरोवर आज अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही. तेथून क्षार वा पाणी आणणे योग्य नव्हे.

९/१३
तरीही लोणारचा प्रश्न शाळेच्या टेबलावर मांडता येतो. किराणा दुकानातील २० ग्रॅम कोरडा धुण्याचा सोडा, १० ग्रॅम मीठ आणि मूठभर वाळू १०० मिलिलिटर कोमट पाण्यात ढवळावी. गाळणकागदावर वाळू राहील. गाळलेले द्रावण बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करावे. सोडा डोळ्यांत व तोंडात जाऊ नये, ही दक्षता.

१०/१३
यामागील तत्त्व विद्राव्यतेचे. १०० ग्रॅम पाण्यात मीठ ० अंशाला सुमारे ३६ ग्रॅम विरघळते आणि ३० अंशालाही जवळपास तितकेच. सोडा मात्र ३० अंशाला सुमारे ३९ ग्रॅम, तर ० अंशाला केवळ ७ ग्रॅम. म्हणून द्रावण गार होताच सोड्याचे पारदर्शक स्फटिक खाली बसतात. मीठ द्रावणातच राहते.

११/१३
स्फटिक टिपकागदावर कोरडे करून लगेच तोलले, तर एक विचित्र गोष्ट दिसते. घातलेला सोडा २० ग्रॅम आणि मिळालेले स्फटिक त्याहून अधिक! पाहून लिहिणारा विद्यार्थी हा आकडा जसाच्या तसा नोंदवील. मार्गदर्शिकेतून उतरवणारा तो ‘दुरुस्त’ करील. चूक वजनात नाही. सोड्याचा प्रत्येक रेणू स्फटिकात पाण्याचे दहा रेणू धरून ठेवतो. स्फटिकाच्या वजनाचा सुमारे ६३ टक्के भाग हे पाणीच असते. खोडून टाकलेल्या आकड्यासोबत स्फटिकजलाचा शोधही खोडला जातो.

१२/१३
तापमानाची नोंदही तितकीच आवश्यक. दहा रेणू पाण्याचा हा स्फटिक सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या खालीच टिकतो. विदर्भात पौषात केलेला प्रयोग आणि वैशाखात उघड्यावर केलेला प्रयोग एकच उत्तर देणार नाहीत. शेवटी उरलेले द्रावण आटवून मिळालेल्या मिठावर लिंबू पिळावे. ते फसफसले, तर त्यात अजून सोडा आहे. हाती आलेला पदार्थ मग एका अर्थी निमक डल्लाच.

१३/१३
प्रयोगवहीत उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान असे रकाने असतात. ‘मिश्रणाचे घटक वेगळे झाले’ हे अनुमान बहुतेक वह्यांत प्रयोगाआधीच ठरलेले असते. लोणारच्या क्षार काढणाऱ्यांनी असा दावा केला नाही. जे हाती आले ते किती वेगळे आणि किती मिसळलेले, एवढेच त्यांनी नावांतून सांगितले. पुढे प्रयोगशाळेतील तराजूने त्यांना खोटे ठरवले नाही. निरीक्षणाचा रकाना अनुमानाच्या आधी का येतो, याचे याहून जवळचे उदाहरण मेहकर-जानेफळच्या मुलांना क्वचितच सापडेल.
(समाप्त)