बोटांना समजणारं चित्र

आपल्या नांदेड-लातूरकडं घरोघरी वाकळ शिवतात. आईचं मऊ लुगडं कुठलं आणि बाबांचं जाडंभरडं धोतर कुठलं, हे अंधारातही हाताला कळतं. आज या हाताच्या ओळखीचाच इतिहास सांगते.

पॅरिसमध्ये व्हॅलेंटीन हाऊय यांनी अंध मुलांची शाळा काढली. १७८६ मध्ये त्यांनी उठावाच्या अक्षरांचं पुस्तक छापलं. काम मोठं होतं. पण अक्षरं डोळसांचीच, फक्त कागदावर उचललेली. त्यांची वळणं चाचपण्यात फार वेळ जाई आणि मुलांना स्वतः लिहिणं तर त्याहून अवघड.

पुढं त्याच शाळेत लुई ब्रेल शिकला. तो तीन वर्षांचा असताना वडिलांची चामडं टोचायची आरी डोळ्याला लागली आणि हळूहळू दोन्ही डोळे गेले. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्यानं सहा टिंबांची लिपी तयार केली. अख्खं अक्षर बोटाच्या टोकाखाली मावतं. ही लिपी बोटांसाठीच घडली, म्हणून टिकली. आपल्या देशातल्या भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली. २००८ मध्ये स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं.

चित्रं मात्र मागं राहिली. डोळस लेकरू अक्षरं यायच्या आधीच चित्रं बघतं. अंध लेकराला ती सवयच लागली नाही, तर पुढं शाळेत नकाशा किंवा आकृती आली की ते अडतं.

पण चित्राची रेघ नुसती वर उचलून भागत नाही. बाजूनं काढलेल्या बैलगाडीला एकच चाक दिसतं. दुसरं पलीकडं आहे, हे डोळ्यांना उमगतं. गाडी चाचपलेल्या लेकराला मात्र दोन चाकं माहीत असतात. ते विचारणारच, दुसरं कुठंय?

फ्रान्समध्ये १९९४ पासून ‘स्वप्नं पाहणारी बोटं’ अशा अर्थाच्या नावाची एक संस्था कापड, दोरा, लोकर वापरून हातानं अशी पुस्तकं करते. एका पानावर एकच गोष्ट, मोजके आकार, खाली ब्रेल. तुकडे पक्के शिवायचे, कारण लेकरं ते ओढणारच.

बायांनो, वाकळीचा टाका आपल्या हातात आहे. आपल्या तांड्यांवरच्या बंजारा बायांकडं कवड्या-आरशांचं भरतकाम आहे. शिवायचं आपण. चित्र जमलं का, हे मात्र लेकराच्या बोटांना विचारायचं.